सांतारेमला पाऊस होता

दिवस पहिला : नदीचं तोंड

रात्रीतून पाण्याचा रंग बदलला होता. आदल्या संध्याकाळी निळा अटलांटिक होता. पहाटे साडेपाचला डेकवर आले, तर जहाजाभोवती दुधाच्या चहासारखं पाणी आणि किनारा कुठेच नाही. ताई माझ्या आधीच वर येऊन कठड्याला टेकून उभी होती. "अगं, नदी लागली," ती म्हणाली. जमीन दिसायच्या आधी अ‍ॅमेझॉन नदी लागावी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर बराच वेळ बोलायला सुचलं नाही.

1500 साली विसेंते पिन्झोन हा स्पॅनिश दर्यावर्दी या बाजूला आला, तेव्हा त्याच्या माणसांना भर समुद्रात गोडं पाणी लागलं. त्याने या भागाला 'गोडा समुद्र' असंच नाव देऊन टाकलं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जितकं पाणी देतात, त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या अ‍ॅमेझॉनचा. दर सेकंदाला दोन लाख घनमीटर. हा आकडा मी घरून पाठ करून निघाले होते, पण कठड्यावरून खाली बघताना तो आकडा राहिला नाही. मैलोन् मैल नुसतं गढूळ पाणी, मधूनच एखादा ओंडका, त्यावर बसलेला पक्षी.

डावीकडे कुठेतरी माराजो बेट होतं. नदीच्या तोंडातलं हे बेट जवळजवळ स्वित्झर्लंडएवढं आहे. दिसलं मात्र काहीच नाही, एक धूसर हिरवी रेघ तेवढी, आणि तीही थोडा वेळच.

दुपारी मकापासमोर जहाज थांबलं. ब्राझीलचे अधिकारी आले, कागदपत्रं झाली, आणि नदीचे पायलट चढले. इथून पुढे मोठ्या जहाजाला स्थानिक पायलट घ्यावाच लागतो, कारण नदीच्या तळाची वाळू सतत जागा बदलत असते. गेल्या वर्षीची खोल वाट या वर्षी उथळ झालेली असते. मकापा शहरातून विषुववृत्त जातं. तिथल्या फुटबॉलच्या मैदानाची मधली रेषा विषुववृत्तावरच आखली आहे, असं तिथली माणसं अभिमानाने सांगतात. आम्ही उतरलो नाही, पाण्यावरूनच रेषा ओलांडली.

संध्याकाळी कप्तानाने दोन सूचना दिल्या. नदीच्या पाण्यात गाळ इतका, की पाणी तयार करण्याची यंत्रं आता बंद राहणार, तेव्हा पाणी जपून वापरा. आणि रात्री डेकवरचे दिवे मंद केले जातील, नाहीतर किडे थव्याने येतात. ही दुसरी सूचना मला फार आवडली. पुढच्या सगळ्या रात्री आम्हाला खरा काळोख मिळाला.

(जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तिचं पिवळं पुस्तक जपून ठेवावं लागतं. ब्राझीलहून भारतात परतताना ते मागतात.)

दिवस दुसरा : वारा पाठीमागून

आज दिवसभर फक्त नदी.

सकाळी एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचा सगळा प्रवास मी तिच्याच नादात होते. जहाज चांगल्या वेगाने चाललं होतं, तरी डेकवर वारा अजिबात नव्हता. घामाने अंग चिकट. धुरांड्यातला धूर मागे न जाता सरळ वर चढत होता. ताईने पदर मोकळा सोडून पाहिला, तो हललाही नाही. शेजारी एक जहाजी दोर गुंडाळत होता. त्याला विचारलं, तर त्याने हातानेच दाखवलं. वारा मागून येतोय, आपण त्याच्याच बरोबरीने चाललोय.

खालच्या अ‍ॅमेझॉनचं हे मोठं गुपित आहे. पाणी वाहतं पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि वारा वाहतो पूर्वेकडून पश्चिमेकडे, समुद्रावरून जमिनीत, नदीच्या उलट. इंजिनं नव्हती तेव्हा लोक शिडं उभारून वाऱ्याने वर जायचे आणि शिडं उतरवून प्रवाहाने खाली यायचे. जायची वाट आभाळातून, यायची वाट पाण्यातून!

याच वाऱ्याबरोबर ढगही जातात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक (कमी-जास्त वजनाचे अणू) मोजून दाखवून दिलं, की अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसातला साधारण निम्मा पाऊस हा जंगलानेच परत आभाळात पाठवलेला असतो. समुद्राकडून आलेला ढग पडतो, झाडं ते पाणी मुळांनी ओढून पानांतून सोडतात, त्याचा पुन्हा ढग होतो, तो आणखी पश्चिमेला जाऊन पडतो. असं टप्प्याटप्प्याने तेच पाणी अँडीज पर्वतापर्यंत जाऊन पोचतं. मग तिथून नदी होऊन परत.

हे मी ताईला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ मागे, पूर्वेकडे, आभाळाच्या कडेला बघत राहिली. तिथे ढगांची एक लांब ओळ होती, पांढरी, वरून फुललेली, खालून सपाट. "म्हणजे ते आपल्या मागोमाग येतायत," ती म्हणाली.

दुपारी उत्तर किनाऱ्यावर टेबलासारख्या सपाट माथ्याचे डोंगर दिसले. दोन दिवस सपाट हिरवळ बघून डोळे इतके सरावलेले, की ते फार उंच वाटले. त्यापुढे मोंते आलेग्रेचे डोंगर. तिथल्या 'रंगवलेला खडक' नावाच्या गुहेत अ‍ॅना रूझवेल्ट या पुरातत्त्वज्ञ बाईंना अकरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. 1996 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तोवर या जंगलात इतकी जुनी माणसं असतील, असं फारसं कुणी मानत नव्हतं. जहाज थांबत नाही. डोंगर मागे गेले, आणि संध्याकाळ पडली ती एकदम, दार लोटावं तशी.

दिवस तिसरा : सांतारेम

पहाटे जाग आली ती आवाजाने. आधी वाटलं इंजिनाचा आवाज बदलला. मग कळलं, पाऊस.

असा पाऊस मी पाहिलेला नव्हता, म्हणजे पावसाची मला सवय आहे तरीही. आपल्या पावसाला बहुधा तिरकेपणा असतो, वाऱ्याबरोबर झोडपत येतो. हा सरळ उभा कोसळत होता. थेंब वेगळे दिसतच नव्हते. जहाज धक्क्याला लागलेलं, आणि धक्का दिसत नव्हता. पाण्यावर पाणी पडून नदीचा पृष्ठभाग तांदूळ पसरल्यासारखा पांढरा झाला होता. अर्ध्या तासात थांबेल म्हणून वाट पाहिली. तासाने वीज सुरू झाली.

साडेआठला घोषणा झाली. मायका तळ्यावरची होडीची फेरी रद्द. आमची तीच फेरी होती. महिनाभर आधी ठरवलेली, पैसे भरलेले. खाली जेवणघरात लोक हळहळत होते. एक जोडपं तर फार निराश झालं, कारण त्यांच्या सगळ्या प्रवासात हे एकच गाव त्यांना पाहायचं होतं. वाईट मलाही वाटलं. पण विजा चमकत असताना उघड्या होडीत माणसं बसवायची नाहीत, हा निर्णय योग्यच होता आणि मी तो कधीही मान्य करीन.

ताईचा गुडघा दुखतो, ओल्या जमिनीवर पाय घसरायची तिला भीती. मी म्हटलं, तू थांब, मी जरा गावात जाऊन येते. ती म्हणाली, "एवढ्या लांब येऊन मी काय खिडकीतून पाऊस बघू? चल." आम्ही गावात जाणाऱ्या बसमध्ये चढलो तेव्हा सबंध बसमध्ये सातजण होतो.

बसमध्ये एक वाटाडी मुलगी होती, सांतारेमचीच, गावातल्या विद्यापीठात शिकलेली. इंग्रजी नीट, सावकाश बोलायची. तिला मी म्हटलं, आज पावसाने घात केला. ती हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, "सेन्योरा, हा आमचा हिवाळा आहे." इथे विषुववृत्त जेमतेम अडीच अंशांवर आहे. थंडी म्हणून काही नाही. पाऊस पडतो तो हिवाळा, पडत नाही तो उन्हाळा. डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत हिवाळा, आणि मार्च म्हणजे त्याचा ऐन भर. मग तिने विचारलं, "तुम्ही पाऊस नसताना आला असता तर नदी कशी बघितली असती?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सांतारेम हे तापाजोस नदी अ‍ॅमेझॉनला मिळते त्या कोपऱ्यावर वसलेलं गाव. गाव म्हणजे आता मोठं शहर. 1661 साली जेझुइट पाद्री बेटेंडॉर्फ यांनी इथे मिशन स्थापन केलं, म्हणून ते स्थापनेचं वर्ष मानतात. पण त्याआधी इथे तापाजो लोकांचं मोठं गाव होतं. 1542 मध्ये ओरेयाना हा स्पॅनिश सरदार नदीने खाली गेला, तेव्हा या काठावर दाट वस्ती होती. आजच्या शहराच्या फरशीखाली त्या लोकांनी शतकानुशतकं तयार केलेली काळी कसदार माती आहे. रस्त्याच्या कडेला कुठे खणलेलं असलं, की वाटाडी मुलगी बोट दाखवायची. लाल मातीत मध्येच कोळशासारखा काळा थर. पावसाने तो अजूनच काळा दिसत होता.

आम्ही प्रथम देवळात शिरलो. देऊळच म्हणते मी, निळ्या-पांढऱ्या रंगाचं, दोन मनोऱ्यांचं, मातेचं. आत ओल्या कपड्यांचा वास, चार-पाच बायका प्रार्थना करत बसलेल्या, आणि छपरावर पावसाचा एकसारखा घोष. तिथे माणसाच्या उंचीचा एक ओतीव लोखंडी क्रूस आहे. तो बघायला मिळाला म्हणून मी आजही त्या रद्द झालेल्या फेरीचे आभार मानते.

त्याची कथा अशी. कार्ल फॉन मार्टिउस हा बव्हेरियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. 1817 ते 1820 त्याने ब्राझील पालथा घातला. 1819 च्या सप्टेंबरात याच नदीवर सांतारेमच्या जवळ त्याची नाव वादळात सापडली आणि तो बुडता बुडता वाचला. घरी गेला, मोठा विद्वान झाला, ब्राझीलच्या वनस्पतींवरचा प्रचंड ग्रंथ हाती घेतला. पण ती रात्र तो विसरला नाही. सत्तावीस वर्षांनी, 1846 मध्ये, त्याने बव्हेरियाहून हा क्रूस घडवून समुद्रापार सांतारेमच्या देवळाला पाठवला.

ताई बाकावर बसून होती, पाय लांब करून. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं म्हणजे माणसाने नवस फेडायला नाही पाठवलं ते. आठवत राहिलं म्हणून पाठवलं." बाहेर वीज कडाडली, बायकांपैकी एकीने कपाळावरून हात फिरवला. दोनशे वर्षांपूर्वीचं ते वादळ त्या क्षणी मला फार लांबचं वाटलं नाही.

तिथून वस्तुसंग्रहालय. नदीकाठाला पिवळी, जाड भिंतींची जुनी इमारत आहे. कधीकाळी इथे नगरपरिषद, कोर्ट आणि तुरुंग असं सगळंच होतं. अंतर थोडंच, पण रस्त्यावरून पाणी गुडघ्याखालपर्यंत वाहत होतं. कुणा दुकानदाराने न सांगता फळी टाकून दिली, दुसऱ्याने ताईचा हात धरला. वळचणीखाली उभं राहून पागोळ्यांचं पाणी पायांवर घेत आम्ही दोन-तीन वेळा थांबलो. एक म्हातारे गृहस्थ आमच्याबरोबर उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला पोर्तुगीज येत नव्हतं. त्यांनी पावसाकडे हात करून एकच शब्द म्हटला, "तोरो". जोरदार सरीला ते असं म्हणतात. मग आम्हीही म्हटलं, "तोरो". ते फार खूश झाले.

आत तापाजो लोकांची मातीची भांडी आहेत. एका वाडग्याखाली बसलेल्या बायकांच्या छोट्या आकृत्या, सगळ्यांनी मिळून वाडगा डोक्यावर तोललेला. कडेने पक्ष्यांची डोकी, बेडूक, मगरी. इतकं नाजूक काम, आणि तेही चाकाशिवाय. बेडूक सगळीकडे. 'मुइराकितां' नावाचे हिरव्या दगडाचे बेडूक लोक गळ्यात घालायचे, शुभ म्हणून. पावसाळ्यातल्या गावात बेडूक शुभ मानला जातो, याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

संग्रहालयाच्या दारात उभं राहून वाटाडी मुलीने रबराची गोष्ट सांगितली. ती इथे सगळ्यांना माहीत आहे. 1876 साली हेन्री विकम नावाच्या इंग्रजाने तापाजोसच्या काठावरून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया जमवून जहाजाने लंडनला नेल्या. क्यू बागेत त्यातल्या जेमतेम अडीच-तीन हजार रुजल्या. ती रोपं सिलोनला गेली, मलायाला गेली. पंचवीस-तीस वर्षांनी तिकडच्या बागांचं रबर बाजारात आलं आणि अ‍ॅमेझॉनचा रबराचा व्यापार कोसळला. पुढे 1928 मध्ये हेन्री फोर्डने रबराच्या लागवडीसाठी याच तापाजोसच्या काठी फोर्डलांदिया वसवलं, 1934 मध्ये सांतारेमपासून जवळच बेलतेरा. झाडं ओळीत, दाटीने लावली, आणि पानांवरच्या बुरशीने ती खाल्ली. जंगलात रबराचं झाड एकमेकांपासून लांब लांब उभं असतं, म्हणून रोग पसरत नाही. शेजारी शेजारी लावलं की एका झाडाचा रोग सगळ्यांचा होतो. आणि ती बुरशी ओल्या पानांवर वाढते. 1945 मध्ये सगळं ब्राझील सरकारला विकून टाकलं. हे सांगताना मुलीने बाहेर हात केला. "हा पाऊस त्यांनी हिशेबात धरला नव्हता." केरळातल्या रबराच्या बागा मी पाहिल्या आहेत. त्यांचं बी या काठावरून गेलं, हे या काठावर उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला.

दुपारी दोनला पाऊस थोडा ओसरला. थांबला नाही, पण थेंब वेगळे दिसायला लागले.

नदीकाठाने चालत आम्ही मासळीबाजाराकडे गेलो. काठाला दोन-तीन मजली लाकडी बोटी खेटून उभ्या. प्रत्येक मजल्यावर रंगीबेरंगी झोळ्या टांगलेल्या आणि झोळ्यांत माणसं, पोरं, एका झोळीत चक्क कोंबडा. मानौसला जायला या बोटींना प्रवाहाच्या उलट दोन दिवस, कधी जास्त लागतात. बाजारात मासे बघून ताई थबकली. पिरारुकू हा मासा माणसाहून लांब होतो, त्याचे खवले तिच्या तळहाताएवढे होते. छपरावर काळी गिधाडं पंख पसरून बसलेली, वाळण्याची वाट बघत. बाजाराच्या कडेला पाण्यात काहीतरी वळलं. गुलाबी पाठ. नदीतला डॉल्फिन, 'बोतो'. माशांची आतडी टाकतात तिथे ते येतात. एकदा वर आला, श्वास सोडला, तो आवाज पावसातही स्पष्ट ऐकू आला, आणि गेला. पुन्हा दिसला नाही. मी मायका तळ्यावर जे बघायला जाणार होते, ते गावाच्या धक्क्याखालीच होतं.

चार वाजता ताकाकाचा गाडा लागला. ताकाका हे दुपार कलल्यावर खायचं खाणं. भोपळ्यासारख्या फळाच्या टणक सालीच्या काळ्या वाडग्यात गरम, पिवळं, आंबट पाणी, त्यात चिकट खळ, सुकी कोळंबी आणि जांबू नावाच्या पालेभाजीची पाने. पिवळं पाणी म्हणजे तुकुपी, कसाव्याच्या कंदाचा रस. कच्चा असेल तर विषारी, म्हणून तो खूप वेळ उकळतात. ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच हा कंद, आणि त्याचं मूळ घर हेच खंड. जांबूचं पान चावलं की जिभेवर मुंग्या येतात, मग ओठ बधिर होतात. ताईने कोळंबी बाजूला करायला सांगितली. गाड्यावरच्या बाईंनी तिच्यासाठी वेगळा वाडगा भरला, पानं जास्त घालून. ओल्या कपड्यांत, थरथरत, दोन्ही हातांनी वाडगा धरून आम्ही ते प्यायलो. यापेक्षा चांगलं मी या प्रवासात काही खाल्लं नाही.

आणि मग पाऊस उघडला. एकदम. पश्चिमेकडे ढग फाटला आणि तिरपं ऊन नदीवर आलं.

दिवसभर समोर एकच राखाडी पाणी होतं. ऊन पडलं तशी त्यात रेघ उमटली. अलीकडचं पाणी हिरवट निळं, पलीकडचं मातकट. रेघ सरळ नव्हती, नागमोडी होती. काही ठिकाणी तपकिरी पाण्याचे गोळे निळ्यात शिरलेले दिसत होते. तापाजोस येते ब्राझीलच्या फार जुन्या, झिजून गेलेल्या खडकांवरून. तिच्यात गाळ फारसा नाही. अ‍ॅमेझॉन अँडीजची कोवळी माती घेऊन येते. दोघींचा वेग वेगळा, उष्णता वेगळी, म्हणून त्या कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात आणि मिसळत नाहीत. वाटाडी मुलगी म्हणाली, 2022 च्या जानेवारीत वरच्या अंगाला असलेल्या बेकायदा सोन्याच्या खाणींचा गाळ इतका आला, की तापाजोस आल्तेर दो शाओंपर्यंत गढूळ झाली. आल्तेर दो शाओं हे इथून पस्तीसेक किलोमीटरवरचं पांढऱ्या वाळूचं गाव. "तेव्हा ही रेघ पुसट झाली होती," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला. तिच्या लहानपणापासून ती रेघ तिथे होती.

आम्ही तिघी काठाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो, बस सुटेपर्यंत. गटारांतून लाल पाणी धो धो निळ्या नदीत पडत होतं. ढग पश्चिमेला सरकत होते, जिकडे आम्हाला जायचं होतं तिकडेच.

रात्री अकराला ओबिदोस आलं. खालची अ‍ॅमेझॉन इथे सगळ्यात अरुंद होते, दोन किलोमीटरांहून कमी, आणि म्हणून साठ मीटरांहून खोल. पोर्तुगीजांनी 1697 मध्ये इथेच किल्ला बांधला, कारण इथून तोफ दोन्ही काठांवर राज्य करू शकत होती. समुद्राच्या भरतीचा हलका परिणाम इथपर्यंत पोचतो. मंद दिव्यांच्या डेकवर आम्ही दोघीच होतो. पुढे, पश्चिमेला, क्षितिजाखाली विजा चमकत होत्या, आवाज न होता. दुपारचा आमचा पाऊस आमच्या पुढे निघून गेला होता.

दिवस चौथा : बोका दा वालेरिया

एका ओढ्याच्या तोंडाशी काही लाकडी घरं, शाळा, छोटं देऊळ. जहाज नदीत उभं राहतं आणि लहान बोटींनी काठावर नेतात. कोरडं ऊन होतं.

इथल्या एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. काठावर मुलं उभी असतात, कुणाच्या हातात स्लॉथ या झाडावरच्या संथ प्राण्याचं पिल्लू, कुणाच्या हातात पोपट, कुणाच्या हातात मगरीचं पोर, तोंड बांधलेलं. फोटो काढा आणि डॉलर द्या. पिल्लं गोड असतात, मुलं त्याहून. लोक फोटो काढतात. ती पिल्लं मात्र कुठून आणली जातात आणि जहाज गेल्यावर त्यांचं काय होतं, याचा विचार उतरायच्या आधी करावा. ब्राझीलच्या 1998 च्या पर्यावरण कायद्याने वन्यप्राणी पकडून बाळगणं गुन्हा आहे. मुलांना द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेत नेऊन द्याव्यात. होडीतून ओढ्यात फिरवून आणणाऱ्यांना त्यांचे पैसे आनंदाने द्यावेत. आम्ही तेच केलं. होडीवाल्या दादांनी घराच्या खांबावरची चिखलाची जुनी खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. जूनमध्ये पाणी तिथवर येतं. मग घरात फळ्यांची नवी, उंच जमीन घालतात आणि वर राहतात. गुरांसाठीही पाण्यावर लाकडी माच करतात, त्याला 'मारोंबा' म्हणतात. हे सगळं त्यांनी होडी वल्हवत, हातवारे करत सांगितलं, आणि ते मला पूर्ण समजलं.

दिवस पाचवा : मानौस

सकाळी सगळे डेकवर जमले ते नद्यांचा संगम बघायला. रिओ नेग्रोचं काळं पाणी आणि सोलिमोईसचं पिवळं. मानौसच्या वर अ‍ॅमेझॉनलाच सोलिमोईस म्हणतात. फार भव्य आहे, जहाजाच्या दोन बाजूंना दोन रंग. पण सांतारेमची रेघ आम्हाला पावसातून मिळाली होती. मी मनात तिचीच तुलना करत राहिले.

मानौसचं ऑपेरागृह बघितलं. 1896 च्या शेवटच्या दिवशी उघडलेलं, घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांची छत्तीस हजार कौलं. रबराच्या पैशाचं. सांतारेममधून गेलेल्या बियांनी ज्या संपत्तीला घरघर लावली, ती ही.

मला मात्र बंदराची भिंत बघायची होती. मानौसचा धक्का तरंगता आहे, नदीबरोबर वर-खाली होतो. पाण्याची पातळी इथे 1902 पासून मोजतात आणि दर वर्षीच्या सर्वांत उंच पाण्याची खूण भिंतीवर लिहून ठेवतात. 2012 : 29.97 मीटर. 2021 : 30.02, आजवरचं सर्वांत उंच. मग ऑक्टोबर 2024 मध्ये पाणी 12.11 वर उतरलं, आजवरचं सर्वांत खालचं. तीन वर्षांत जवळजवळ अठरा मीटर. बंदरावरचा एक माणूस सांगत होता, तेव्हा होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या आणि नदीकाठच्या वस्त्यांवर प्यायचं पाणी बोटीने पोचवणंही कठीण झालं होतं. एवढ्या पाण्याच्या देशात.

मी आकडे वहीत उतरवून घेत होते. ताई भिंतीकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभी होती, आम्ही आलो त्या बाजूला. पूर्वेकडून तीच लांब ओळ येत होती, पण आता खालून काळी. गार वारा आला, कागद फडफडले. तिने छत्री पिशवीतून काढली आणि हातातच धरून ठेवली.

"आला," ती म्हणाली.

पहिले थेंब नेग्रोच्या काळ्या पाण्यावर पडताना पांढरे दिसत होते.